परसबाग करायची आहे? अवजारांच्या आधी माती हातात घ्या

घरामागे रिकामी जागा आहे, भाजी लावायची हौस आहे, आणि म्हणून दुकानातून रंगीत मुठींचा तीन-चार अवजारांचा संच आणला जातो. पहिल्याच आठवड्यात त्यातलं छोटं फावडं वाकतं, पंजाचे दात पसरतात आणि ‘आपल्याला जमत नाही’ असं वाटायला लागतं. त्या अवजारांची ताकद कुंडीपुरती असते. जमिनीवर काम करायचं तर जमिनीची अवजारं हवीत, आणि ती कोणती हे तुमची माती ठरवते. म्हणून या लेखाचा क्रम आधी माती, मग अवजार, मग वाफा आणि लागवड असा ठेवला आहे. घाई असली तरी हा क्रम मोडू नका.

किती जागेपासून सुरुवात?

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. नवख्या माणसाने पहिल्या वर्षी एवढ्या जागेच्या पाचव्या हिश्श्यातच, म्हणजे दोनशे चौरस फुटांत भाजी करावी. एवढी जागा रोज अर्धा-पाऊण तास दिला तर स्वच्छ राहते. गुंठाभर एकदम खोदला तर पहिल्या पावसानंतर तिथे तण माजतं आणि त्याच्यामागे धावण्यातच हंगाम जातो. जागा निवडताना दिवसातून किमान पाच-सहा तास थेट ऊन मिळतं का ते पाहा. फळभाज्यांना त्याहून कमी उन्हात फुलं येत नाहीत. आली तर गळतात. आंब्या-फणसाच्या सावलीतली जागा आलं, हळद आणि अळू यांच्यासाठी ठेवा.

माती ओळखणं

देशावरची काळी माती आणि कोकणातली जांभ्याची लाल माती यांच्याशी वागण्याच्या रीती अगदी वेगळ्या आहेत.

काळी माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यात अन्न असतं, पण हवा कमी असते. ती बहुधा विम्लतेकडे, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूला, झुकलेली असते, त्यामुळे तिच्यात चुलीची राख टाकू नका. लाल मातीतून पाणी भराभर खाली जातं, आणि कोकणातल्या मुसळधार पावसात तिच्यातलं अन्नही धुऊन जातं. ती आम्ल असते. तिथे थोडी राख चालते. दोन्ही मातींना कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट हवंच. काळी माती त्याने मोकळी होते आणि लाल माती पाणी धरायला लागते.

निचरा तपासायला फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा आणि ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत जिरलं तर काळजी नाही. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसलं तर त्या जागेवर उंच वाफ्यांशिवाय भाजी लावू नका, मुळं कुजतील. शक्य असेल तर माती परीक्षणही करून घ्या. जागेच्या चार-पाच ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र मिसळायची, सावलीत वाळवायची आणि त्यातली अर्धा किलो जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्यायची. खत घातल्यावर नमुना घेऊ नका. निकाल मातीचा न येता खताचा येतो.

आता वाफशाबद्दल, आणि हे नीट वाचा, कारण परसबागेतलं निम्मं कसब यात आहे. जमीन खूप ओलीही नाही आणि कोरडीही नाही, अवजार घातलं की माती भुसभुशीत होऊन सुटते, ती स्थिती म्हणजे वाफसा. तो ओळखायला चार इंच खालची मूठभर माती घेऊन दाबा. हाताला चिकटली तर अजून ओली आहे. गोळा झाला, तो कमरेच्या उंचीवरून टाकला आणि फुटून पसरला, तर वाफसा आला. गोळाच होत नसेल तर काळी माती वाळून गेली आहे. हलकं पाणी देऊन दोन-तीन दिवस थांबा. लाल माती मोकळी असते, तिच्यात गोळा सैल होतो, तिथे बोटांना नुसता गारवा लागला तरी पुरे. काळ्या मातीत पाऊस थांबल्यावर वाफसा यायला चार-सहा दिवस लागू शकतात, जांभ्याच्या मातीत एक-दोन दिवसांतच येतो. ओल्या काळ्या मातीत कुदळ मारली, किंवा नुसतं चाललं, तरी तिच्यातली हवेची पोकळी दाबली जाते आणि वाळल्यावर विटेसारखी ढेकळं होतात. ती ढेकळं मग हंगामभर फुटत नाहीत. चांगलं अवजार चुकीच्या दिवशी वापरलं तर जमीन बिघडते. साधं अवजारही वाफशावर वापरलं तर काम सुरेख होतं.

कोणती अवजारं घ्यायची

चार अवजारांवर बाग उभी राहते: कुदळ, फावडं, खुरपं आणि विळा. त्यांच्या जोडीला घमेलं आणि झारी. बाकीचं लागेल तसं घ्या.

*कुदळ.* काळ्या, खोल मातीसाठी रुंद पात्याची कुदळ घ्या. ती मातीचा मोठा काप उलटते. जांभ्यात, मुरमात किंवा बांधकामाचा राडारोडा पडलेल्या जागेत रुंद पातं आदळून परत येतं, तिथे एका बाजूला टोक असलेला टिकाव लागतो, आणि खड्डे घ्यायला पहार. कोकणात तर पहारीशिवाय नारळाचा किंवा केळीचा खड्डा होतच नाही. वजन स्वतःच्या अंगाप्रमाणे निवडा. घरच्या बागेला दीड किलोच्या आसपासची कुदळ पुरते. जड कुदळ पहिली दहा मिनिटं जोरदार चालते आणि मग कंबर धरते.

*फावडं.* याने माती ओढायची, सऱ्या काढायच्या, वाफ्याची कड बसवायची. विकत घेताना पातं आणि दांडा यांच्यातला कोन पाहा. कोन फार मिटलेला असेल तर काम करताना खूप वाकावं लागतं. दांडा जमिनीवर उभा धरल्यावर तुमच्या बेंबीच्या वर, बरगडीपर्यंत यावा. दुकानातले दांडे पुष्कळदा आखूड असतात. लांब दांडा वेगळा बसवून घेण्यात संकोच करू नका.

*खुरपं.* सगळ्यात जास्त वेळ हातात राहणारं अवजार हेच, म्हणून याच्यावर दोन पैसे जास्त खर्च करा. खुरपणीला वळवलेल्या मानेचं खुरपं हवं: पातं मूठीशी कोन करून आडवं बसतं, आणि मनगट न वळवता मातीच्या खाली इंचभर सरकवून तणाची मुळं कापता येतात. रोपं लावायला, छोटे खड्डे घ्यायला सरळ पात्याची खुरपी सोयीची. दोन्ही असावीत. मूठ लाकडाची, हातात भरून येणारी असावी; पातळ मुठीने तळव्याला फोड येतात. गुडघे दुखत असतील तर बसून खुरपण्याचा हट्ट नको, लांब दांड्याचं हातकोळपं मिळतं, ते उभ्याने चालवा.

*विळा.* गवत, पालेभाज्या, हिरवळीच्या खतासाठी लावलेलं पीक कापायला दातेरी विळा बरा. त्याला सारखी धार लावावी लागत नाही. फांद्या आणि बांबू तोडायला कोयता. गुलाब, लिंबू, पेरू यांच्या छाटणीला सिकेटर घ्या, पण कात्रीसारखी दोन पाती एकमेकांवरून सरकणारा घ्या. एक पातं सपाट पट्टीवर आपटणारा सिकेटर ओल्या फांदीला चिरडतो, आणि चिरडलेल्या जागेतून बुरशी शिरते.

झारी घेताना तिच्या तोंडाची चाळणी बघा. भोकं बारीक हवीत आणि चाळणी काढून धुता आली पाहिजे. जाड धारेने मेथीचं बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं.

कुठून घ्यायची

आठवडी बाजारात बसणारे लोहार अजून पुष्कळ तालुक्यांच्या गावी आहेत. गाडीच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवलेला कोयता, खुरपं किंवा विळा मिळाला तर तोच घ्या. ते पोलाद चिवट असतं आणि धार धरून ठेवतं. पातं टांगून धरून दुसऱ्या लोखंडाने टिचकी मारा. स्वच्छ नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत तडा असू शकतो. नेढं, म्हणजे दांडा बसतो ते भोक, फाटलेलं किंवा वेडंवाकडं जोडलेलं नको. दांडा बाभळीचा उत्तम. त्याच्या लाकडाच्या रेषा मुठीपासून टोकापर्यंत सरळ धावतात का पाहा. रेषा मध्येच आडव्या बाहेर पडत असतील तिथेच तो मोडणार. लोहाराशी चार शब्द बोला, तुमची माती सांगा. तो पात्याची रुंदी आणि कोन त्याप्रमाणे बदलून देतो, आणि हे काम कुठलंही दुकान करून देत नाही.

धार आणि निगा

बोथट खुरपं तण कापत नाही, नुसतं दाबतं. मग आपण जोर लावतो, पातं निसटतं आणि रोप कापलं जातं. खुरप्याला आणि साध्या विळ्याला दर आठवड्याला कानशीने पाजवा. कानस पात्याच्या कडेकडे एकाच दिशेने ढकलायची, मागे ओढताना उचलायची, आणि मुळात असलेला धारेचा उतार तसाच ठेवायचा. कुदळीचं आणि पहारीचं टोक झिजलं की वर्षातून एकदा लोहाराकडून तापवून ओढून घ्यायचं.

काम संपल्यावर अवजार धुवा, पुसा, मातीत रोवून ठेवू नका. पावसाळ्यात पात्याला तेलाचा हात फिरवा. दांड्याला वर्षातून एकदा अळशीचं तेल चोळलं की लाकूड तडकत नाही. दांडा ढिला झाला तर अवजार रात्रभर पाण्यात ठेवायची जुनी युक्ती आहे. तात्पुरती ती चालते, पण लाकूड वाळलं की पुन्हा ढिलं होतं. कायमचा उपाय पाचर ठोकण्याचाच. ढिल्या दांड्याची कुदळ कधीही उचलू नका, आणि आजूबाजूला मुलं असताना तर नाहीच.

जमीन तयार करणं

मी नवख्यांना पावसाळ्यात सुरुवात करायला सांगत नाही. पावसात तण, गोगलगाई, मूळकूज आणि चिखल सगळं एकदम अंगावर येतं. दसऱ्यानंतर सुरुवात करा: आकाश मोकळं असतं, जमिनीत ओल असते, आणि पालेभाज्या महिन्याभरात हाती येऊन उत्साह टिकतो. उन्हाळा मात्र तयारीसाठी वापरा. एप्रिल-मे महिन्यांत जागा खोल खणून उन्हात तापू द्या. हराळी आणि लव्हाळा यांच्यावर हाच खरा इलाज आहे. हराळीची धावती खोडं आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्या लागतात. वरून कापलं तर दोन्ही आणखी जोमाने फुटतात. गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटा आणि हातमोजे घाला, त्याची त्वचेला ॲलर्जी होते. रोपं करायच्या छोट्या वाफ्याला याच दिवसांत पाणी देऊन, पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे घट्ट झाकून ठेवलं तर मातीतली बुरशी आणि तणाचं बी बऱ्यापैकी मरतं.

शेणखत पूर्ण कुजलेलं घ्या. ते काळपट, भुसभुशीत असतं आणि त्याला शेणाचा वास येत नाही. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या मुळं खातात. खत चाळून, दर चौरस फुटाला ओंजळ-दोन ओंजळी या हिशेबाने वरच्या वीतभर मातीत मिसळा.

आता वाफे. रुंदी तीन ते साडेतीन फुटांहून जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. लांबी जागेप्रमाणे. मध्ये दीड फुटाची वाट सोडा. दोन खुंट्या आणि सुतळी लावून रेषा आखा. वाकड्या वाफ्याला पाणी सारखं बसत नाही. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पालेभाज्यांसाठी सपाट वाफा चालतो. पावसाळ्यात, आणि काळ्या जमिनीत तर नेहमीच, वीतभर उंच गादीवाफा करा. वांगी, टोमॅटो, मिरचीला सरी-वरंबा, म्हणजे चर आणि त्याच्या कडेचा उंचवटा, बरा. पाणी सरीत द्यायचं, रोप वरंब्याच्या बगलेला लावायचं, म्हणजे खोडाशी पाणी साचत नाही. उतार असेल तर वाफे उताराला आडवे काढा.

पेरणी आणि रोपं

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, त्याहून खाली नको. धने अख्खे पेरू नका, हाताने किंवा चपलेने हलके रगडून दोन फाकी करा. भेंडीचं बी रात्रभर भिजवा, कारल्याचं कवच कठीण असतं म्हणून ते दिवसभर. पालेभाज्या फेकून पेरण्यापेक्षा वीतभर अंतरावर ओळींत पेरा, खुरपं चालवायला जागा राहते. मेथी आणि कोथिंबीर सगळी एकदम पेरण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरा.

टोमॅटो, वांगी आणि मिरची यांची रोपं आधी करावी लागतात. टोमॅटोचं रोप साधारण २५ ते ३० दिवसांत, वांग्याचं आणि मिरचीचं पाच-सहा आठवड्यांत लावायला तयार होतं. लावणी संध्याकाळी करा. टोमॅटोचं रोप थोडं खोल लावलं तरी चालतं, मातीत गेलेल्या खोडाला मुळं फुटतात. टोमॅटो आणि मिरचीला दोन फुटांच्या ओळी, रोपांत दीड फूट. वांग्याला दोन्हीकडून दोन ते अडीच फूट. लहान रोपं लावताना ही अंतरं उधळपट्टी वाटतात, पण कमी करू नका. दाटी झाली की हवा खेळत नाही आणि रोग पसरतो. भेंडीत ‘परभणी क्रांती’ आणि ‘अर्का अनामिका’ हे वाण पिवळ्या शिरांच्या केवडा रोगाला तोंड देतील असे निवडून काढलेले आहेत. नवख्याने त्यांच्यातलाच एखादा घ्यावा.

पाणी आणि आच्छादन

रोज थोडं थोडं पाणी शिंपडण्याची सवय बागेला मारक आहे. वरची माती भिजते, मुळं वरच राहतात आणि एक दिवस पाणी चुकलं की झाड मान टाकतं. कमी वेळा, पण वीतभर खोल भिजेल असं द्या. दोन इंच बोट घालून पाहा: ओल लागली तर आज पाणी नको. लाल मातीत हिवाळ्यात दिवसाआड किंवा दोन दिवसांआड द्यावं लागेल, काळ्या मातीत त्याहून बऱ्याच अंतराने. वेळ सकाळची.

पालापाचोळा, भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट दोन-तीन इंच जाड पसरलं की तण आणि पाणी दोन्हींची चिंता निम्म्याने उतरते. खोडाला मात्र चिकटवू नका. वाळलेली पानं जाळणाऱ्या शेजाऱ्यांकडून ती मागून आणा. न्हाणीचं पाणी केळी, अळू, कर्दळ आणि माड यांना सोडायची कोकणातली पद्धत उत्तम आहे, पण साबणाचं पाणी पालेभाज्यांवर जाऊ देऊ नका.

मांडव आणि वेल

दुधी, दोडका, कारलं, पडवळ यांना मांडव द्याच. जमिनीवर लोळणाऱ्या वेलाची फळं कुजतात आणि वाकडी होतात. बांबूचे खांब, सहा फूट उंची, वर कामट्या किंवा सुतळीची जाळी. जमिनीत जाणाऱ्या टोकाला डांबर लावा, वाळवी लवकर लागत नाही. वेल मांडवापर्यंत चढेतो बगलफुटी काढत राहा, एकच खोड वर जाऊ द्या. वर पोचला की शेंडा खुडा. मग फांद्या फुटतात आणि मादी फुलं जास्त येतात.

‘फुलं येतात पण फळ धरत नाही’ ही नवख्यांची ठरलेली तक्रार. सुरुवातीची फुलं बहुतेक नरच असतात, त्यामुळे पहिले काही दिवस घाबरू नका. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नराचा देठ नुसता बारीक. मधमाश्या कमी असतील किंवा सततचा पाऊस असेल तर परागीकरण हाताने करा: ताजं नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडा आणि त्यातला पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवा. वेळ महत्त्वाची. लाल भोपळा, काकडी, कारलं, घोसाळं सकाळी फुलतात. दुधी आणि दोडका संध्याकाळी. सकाळी उठून दुधीची फुलं हाताळली तर उपयोग होत नाही, ती तोवर मिटायला आलेली असतात.

फळमाशी याच भाज्यांना छळते. कोवळ्या फळांना वर्तमानपत्राची किंवा पातळ कापडाची पिशवी बांधा, किडकी फळं वेचून दोन फूट खोल पुरा, आणि नर माश्यांना ओढून घेणारा क्यू-ल्यूरचा सापळा टांगा.

बाकी किडींसाठी मावा-तुडतुडे दिसताच निंबोळी अर्क पुरतो: ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारायची. पावसाळ्यातल्या गोगलगाईंसाठी ओली गोणपाटं रात्री वाफ्यांच्या कडेला टाका. सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगाई वेचून मिठाच्या पाण्यात टाका. वाफ्यात मीठ मात्र कधीच टाकू नका. टोमॅटोच्या ओळींमध्ये झेंडूची ओळ लावा, फळ पोखरणारी अळी तिकडे ओढली जाते.

बी राखायचं असेल तर

पहिल्या हंगामातच एखाद्या भाजीचं बी घरचं ठेवा, पण पाकिटावर ‘संकरित’ लिहिलेल्या वाणाचं नको. त्याची पुढची पिढी सारखी निघत नाही. भेंडी आणि चवळी सोपी: निरोगी झाडावरच्या दोन-चार शेंगा खूण बांधून झाडावरच वाळू द्या. दोडका आणि दुधी वेलावर सुकून हलवल्यावर खुळखुळू लागले की उतरवा. दुधीच्या बाबतीत एक सावधगिरी सांगतो: वेलावरच्या कोवळ्या दुधीचा तुकडा आधी जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका, तो दुधी खाऊ नका, त्याचा रसही नको, त्यातली द्रव्यं विषारी असतात. आणि त्या वेलाचं बीही ठेवू नका. राखलेलं बी सावलीत वाळवा, चाळलेल्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, आणि बरणीवर वाणाचं नाव नि महिना लिहा.